जुनी 32 फुटी शिडाची बोट घेताना जाहिरातीतल्या फीचर्सना किती महत्त्व द्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 1988 सालची 32 फुटी फायबरग्लास क्रूझिंग बोट विकायला आहे. फिन कील (तळाखालचा अरुंद, खोल, जड पंख), 27 एचपीचं डिझेल इंजिन, रोलर फर्लिंग (शीड गुंडाळून ठेवायची सोय), चार्टप्लॉटर (समुद्री नकाशाचा पडदा), ऑटोपायलट, नव्या गाद्या आणि सहा जणांच्या झोपण्याची सोय. ती मुंबईत ठेवून शनिवार-रविवारी मांडव्याला आणि मोठ्या सुट्टीत मुरूड, जयगड, गोव्यापर्यंत न्यायची आहे. घ्यावी का?

मी त्या यादीतून चार्टप्लॉटर, ऑटोपायलट आणि गाद्या आधीच खोडेन. या वस्तू कधीही विकत मिळतात. बोटीची खरी किंमत कील, मास्टच्या (डोलकाठीच्या) तारा, इंजिन आणि कागदपत्रं या चार ठिकाणी ठरते, आणि जाहिरातीत नेमकी त्यांचीच अवस्था लिहिलेली नसते.

त्याच्याही आधीचा प्रश्न: जून ते सप्टेंबर ती ठेवणार कुठे? मुंबईत पाण्यावर बोट ठेवायची म्हणजे बहुधा मुरिंगवर (समुद्रतळाशी कायम बांधलेल्या बोयावर), आणि पावसाळ्यात ते मुरिंग तुमच्या बोटीसाठी नाही. 32 फुटी बोटीचं वजन साधारण 5 टन. ते उचलणारी क्रेन, चार महिने उभं करायला जागा आणि खालचं लोखंडी क्रेडल (बोट बसवायचा सांगाडा), तिन्ही लागतं. क्रेडल किमतीत धरलं आहे का हे लेखी विचारा. फिन कीलची बोट नुसत्या टेकूंवर उभी करून वादळी पावसात सोडून देणं मला तरी झेपणार नाही. एप्रिल-मेमध्ये विकणारे थोडे नरमतात, पण मग क्रेनचं पहिलं बिल तुमच्या नावावर येतं.

आता बोट. पाण्यात तरंगताना बघून सौदा करू नका; बाहेर काढून, तळ धुऊन बघा. कील आणि हल (बोटीचं मुख्य कवच) जिथे जुळतात तिथे पुढच्या कडेला आडवी, हसल्यासारखी भेग दिसली तर कीलचे बोल्ट सैल झाले असतील किंवा बोट कधीतरी खडकावर आदळली असेल. लगेच आत जा, फळ्या उचला आणि कीलच्या मागच्या टोकावरची आडवी मजबुती तपासा. पुढून धक्का बसला की कीलची मागची कड वर दाबली जाते, म्हणून तडा तिथे जातो. तिथे नवा रंग दिसला तर तो कशासाठी लावला, हे विचारायचं.

तळावर फोड असतील तर एखादा फोडून बघा. आतून चिकट पाणी आलं आणि त्याला व्हिनेगरसारखा वास असेल तर तो ऑसमॉसिस, म्हणजे फायबरग्लासमध्ये पाणी मुरल्याचा रोग. गरम पाण्यात तो लवकर वाढतो. दहा-वीस फोडांनी बोट बुडत नाही, पण पूर्ण तळ भरला असेल तर जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) सोलून, हल महिनोन्‌महिने सुकवून इपॉक्सी चढवावं लागतं. आपल्याकडची अडचण अशी की बोट बाहेर असते पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात काहीच सुकत नाही. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तुमचा ऐन सीझन, त्यात जाणार. हा हिशोब किमतीतून वजा करा.

डेकवर प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने टकटक करत फिरा. खणखणीत आवाज चांगला. जिथे भद्द आवाज येतो तिथे आतलं बाल्सा लाकूड कुजलेलं असू शकतं. स्टँचनचे (कठड्याच्या खांबांचे) बूड, मास्टचा पाया आणि खिडक्यांच्या कडा सोडू नका. वर सागवानी पट्ट्या असतील तर दिसायला छान, पण जुन्या पद्धतीत त्या शेकडो स्क्रूंनी बसवलेल्या असतात आणि प्रत्येक स्क्रू पाण्याची वाट आहे. शिवाय मे महिन्यात त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा.

मास्ट धरून ठेवणाऱ्या तारा स्टेनलेसच्या असल्या तरी अमर नसतात. दहा वर्षांपुढच्या तारांकडे मी संशयाने बघतो, खारट दमट हवेत तर जास्तच. कापसाचा बोळा तारेवरून वरून खाली फिरवा. कापूस अडकला तर तिथे एक पेड तुटलेला आहे. तार जिथे फिटिंगच्या आत शिरते ती जागा भिंगाने बघा, तिथेच तडे पडतात. चेनप्लेट (तारा बोटीला जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) डेकमधून खाली जातात तिथे आतल्या लाकडावर तपकिरी ओघळ असेल तर चेनप्लेट बाहेर काढायला लावा. आतल्या बाजूला, हवा न लागणाऱ्या जागी स्टेनलेस गुपचूप खाल्लं जातं, बाहेरून ते चकचकीतच दिसतं.

इंजिनाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण कोकण किनाऱ्यावर ते खूप लागतं. थंडीच्या दिवसांत सकाळी जमिनीकडून मतलई असते, ती पडली की मधे वारा मरतो, दुपारनंतर वायव्येचा चढतो. गोव्याकडे जाताना तो साथ देतो, परतताना तोंडावर असतो. मुंबई-गोवा सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. 5 नॉटने (तासाला 5 सागरी मैल) सलग 45 तास. त्यातला बराच वेळ डिझेलवर जाणार असं धरूनच टाकी बघा. तासाला 2 ते 3 लिटर धरा. 60 लिटरची टाकी असेल तर एका टाकीत गोवा गाठायच्या भरवशावर राहू नका.

विकणाऱ्याला आधीच सांगा की तुम्ही यायच्या आत इंजिन चालू करायचं नाही. हात लावून थंड आहे ना बघा, मग स्टार्ट. पांढरा धूर थोड्या वेळाने थांबला तर ठीक. निळा राहिला तर ऑइल जळतंय. लोडवर काळा येत असेल तर हवा कमी पडते आहे किंवा प्रॉपेलरवर शंख-शिंपल्यांची वस्ती आहे. ऑइलची कांडी काढा. दुधट दिसलं तर आत पाणी गेलंय. मग समुद्रात अर्धा तास पूर्ण लोडवर चालवा. कंपनीने दिलेल्या कमाल आरपीएमपर्यंत ते चढलंच पाहिजे आणि तापमान सरकता कामा नये. तापमान हळूहळू चढलं तर संशय इम्पेलरवर (थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक), हीट एक्स्चेंजरवर आणि एक्झॉस्ट एल्बोवर (धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप). आपल्या बंदरातलं गढूळ पाणी इम्पेलर लवकर खातं, आणि प्लास्टिकची पिशवी तर केव्हाही पाण्याचं तोंड बंद करते. एल्बो खोलून बघितला नसेल तर तो कार्बन आणि मिठाने अर्धा बुजलेला आहे असंच गृहीत धरा. शाफ्टऐवजी सेलड्राइव्ह (हलमधून थेट खाली जाणारा, प्रॉपेलर फिरवणारा पाय) असेल तर त्याच्या रबरी डायफ्रामची तारीख विचारा. व्होल्व्हो पेंटा तो सात वर्षांनी बदलायला सांगते.

प्रॉपेलर उघडा आहे की स्केगच्या (तळाखालच्या छोट्या पंखाच्या) आडोशाला, हेही बघा. रात्री किनाऱ्यालगत जाताना मच्छीमारांची जाळी आणि दोर ही रोजची गोष्ट आहे.

सीकॉक (हलमधल्या पाण्याच्या छिद्रांवरचे नळ) सगळे हाताने फिरवून बघा. एखादा अडकला असेल तर तो संशयास्पद. खरवडल्यावर धातू गुलाबी दिसला तर पितळातलं जस्त निघून गेलंय. तो लाथेने तुटू शकतो, आणि तो पाण्याच्या पातळीखाली आहे.

जाहिरातीतल्या ज्या गोष्टींना खरंच भाव द्यायचा त्या म्हणजे मजबूत बिमिनी (डोक्यावरचं कापडी छत), वाऱ्याचे झरोके, 200 लिटरच्या आसपास पाण्याची टाकी, विंडलास (नांगर ओढायचं यंत्र) आणि नांगराची भरपूर साखळी. साखळीचा हिशोब भरती-ओहोटीवर करा. मुंबईत उधाणाला साडेचार मीटरपेक्षा उंच भरती येते. ओहोटीला 3 मीटर पाण्यात नांगर टाकलात आणि पाणी 4 मीटर चढलं तर 7, त्यात नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची 1, म्हणजे 8. पाचपट धरली तर 40 मीटर सोडावी लागते. लॉकरमध्ये 20 मीटर साखळी आणि एक जुनाट दोर असेल तर तोही खर्च तुमचा. फिन कीलला दीडेक मीटरच्या वर पाणी लागतं, त्यामुळे खाड्यांच्या मुखावरचे वाळूचे दांडे चढत्या पाण्यातच ओलांडायचे. उतरत्या पाण्यात अडकलात तर बोट कुशीवर झोपते.

कागदपत्रांत बोट परदेशातून आली असेल तर बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) आणि ड्यूटी भरल्याची पावती पहिली. ती नसेल तर किंमत कितीही कमी असो, टोकनही देऊ नका. नोंदणी विकणाऱ्याच्याच नावावर आहे ना, कर्ज नाही ना, आणि हलवरचा व इंजिनावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळतो ना, ते स्वतः बघा. टोकन द्याल तेव्हा ‘सर्व्हे आणि सी-ट्रायल समाधानकारक झाल्यास’ हे वाक्य पावतीवर हवं; सी-ट्रायल म्हणजे समुद्रात चालवून घेतलेली चाचणी. सर्व्हेअर तुम्ही निवडायचा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

व्हीएचएफ रेडिओत जुना परदेशी एमएमएसआय (बोटीच्या रेडिओचा ओळख क्रमांक) भरलेला असू शकतो. भारताचे नंबर 419 ने सुरू होतात. बऱ्याच सेटमध्ये तो एक-दोनदाच भरता येतो, पुढे डीलरकडे जावं लागतं. रेडिओचा परवाना काढायच्या आधीच हे तपासून घ्या.