पद्मिनीचा पहिला गिअर गेलाय, ५५ हजार घालू की गाडी देऊन टाकू?

नमस्कार सर,

तुमचं पत्र वाचलं. थोडक्यात असं की वडिलांची १९७९ ची प्रीमिअर पद्मिनी पुण्यात घरी उभी आहे, रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे, पद्मिनीचा पहिला गिअर टाकताना करकरतो आणि उतारावर रेस सोडली की आपोआप न्यूट्रलला सुटतो. गॅरेजवाल्याने तीन आकडे दिलेत: झिजलेले दात वेल्डिंगने भरून १४ हजार, जुना आख्खा गिअरबॉक्स बसवून २२ हजार, नवीन गिअर, बेअरिंग, सील सगळं मिळून ५५ हजार. तुम्ही म्हणताय एक लाखाचं पर्सनल लोन काढून कलर पण उरकून टाकू, आणि वहिनी म्हणतायत १ लाख २० हजाराचं गिऱ्हाईक दारात आहे, देऊन मोकळे व्हा.

पहिलं म्हणजे विकायची असेल तर गिअरबॉक्सवर एक रुपया घालू नका. गिऱ्हाईकाला कलर दिसतो, क्रोम दिसतं, आतला गिअर दिसत नाही, त्यामुळे ५५ घातले म्हणून भाव ५५ ने वाढणार नाही. गिअर सुटतो हे तोंडावर सांगून आहे तशी द्या. स्वतःच्या वापरातली गाडी इन्कम टॅक्सच्या हिशेबात कॅपिटल ॲसेट धरत नाहीत, त्यामुळे विकून फायदा झाला तरी त्यावर टॅक्स नाही, पण घातलेले पैसे बुडाले तर तो तोटाही कुठे वजा करता येत नाही. इन्शुरन्सकडून पण आशा नको, झीज पॉलिसीत बसत नाही. म्हणजे हा सरळ सरळ हौसेचा खर्च आहे, गुंतवणूक वगैरे नाव देऊ नका त्याला. हौसेला पैसे घालायला माझी ना नाही, फक्त कुठल्या खिशातून जातायत ते बघायचं.

आता ते तीन आकडे. १४ हजारवाला पर्याय सगळ्यात महाग आहे असं माझं मत. गिअरच्या दाताचं वरचं आवरण उष्णता देऊन कडक केलेलं असतं, वेल्डिंगने भरून घासला की तो कडकपणा जातो, मग तो दात परत झिजतो किंवा तुकडा पडतो, आणि तो तुकडा बॉक्समध्ये फिरून बाकीचे चांगले गिअर पण खातो. २२ वाला जुना बॉक्स म्हणजे लॉटरी, कारण ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या त्यामुळे भंगारात माल आहे, पण टॅक्सीचा बॉक्स किती लाख किलोमीटर पळालाय ते कोण सांगणार, शिवाय नंतरच्या काही मॉडेलला तुमच्यासारखा हँड गिअर (स्टीअरिंगजवळचा दांडा) नाही, खाली फ्लोअरला गिअर आहे, म्हणजे तो बॉक्स तुमच्या गाडीला जुळेलच असं नाही. घेतलाच तर उघडून दात बघितल्याशिवाय नको.

पण त्याच्याही आधी, गिअरच गेलाय हे कोणी बघितलंय का? तुमच्या पत्रात बॉक्स उघडल्याचा उल्लेख नाही. हँड गिअरच्या लिंकेजचे, म्हणजे दांड्यापासून बॉक्सपर्यंतच्या जोडणीचे, बुश झिजले की पहिला गिअर पूर्ण बसतच नाही, अर्ध्या दातावर चालतो आणि सुटतो. क्लच नीट सोडत नसेल तरी करकर होते. हे सगळं बाहेरून, बॉक्स न उघडता तपासता येतं आणि बुश काही हजारोंची भानगड नाही. मग गिअरबॉक्सचं ऑइल काढायला लावा, राखाडी बारीक चिखल असेल तर वयाप्रमाणे ठीक, चमकणारे तुकडे असतील तर त्या दिवसापासून गाडी बंद. आणि बुश तसेच ठेवून नवीन गिअर टाकला तर तोही अर्धवट बसून झिजणार, मग ५५ हजार कशाला घातले?

खरंच गिअर गेलेला निघाला तर मात्र ५५ वालं काम करा, कारण बॉक्स उतरवायची मजुरी एक गिअर बदला नाहीतर सगळं बदला, तेवढीच. पहिल्याच्या जोडीचा गिअर, बेअरिंग, सील त्याच वेळी, आणि बॉक्स खाली आहे तोवर क्लच प्लेट पण बघून घ्या.

पैसे कुठून? लोन नको. एक लाख, २ वर्षं, १४ टक्क्यांनी ४,८०० च्या आसपास ईएमआय, म्हणजे १५ हजाराच्या वर व्याज आणि प्रोसेसिंग फी वेगळी. महिन्याला हातात येतात ७२ हजार, होम लोनचा हप्ता २८ हजार, मुलगी बारावीला, आणि जवळ दीड लाखाची एफडी. ती एफडी मुलीच्या ॲडमिशनची आणि अडीअडचणीची आहे, तिला हात नको. दरमहा ६ हजाराची ९ महिन्यांची आरडी लावा, ५४ हजार आणि वर थोडं व्याज, तोपर्यंत गाडी फक्त आठवड्याला सुरू करून उभी. कलर राहू द्या, कलरने गाडी चालत नाही. बोनस आला तर आरडी मोडून आधी करा, काही बिघडत नाही.

तुम्ही सिंहगडाच्या घाटात न्यायची म्हणताय, तर उतरताना गिअर सुटला की इंजिनाचा ब्रेक गेला, सगळा भार फूटब्रेकवर, त्यामुळे काम होईपर्यंत घाट नाही म्हणजे नाही. काम झाल्यावर पण पहिल्याला सिंक्रो (गिअर टाकताना फिरणाऱ्या दातांचा वेग जुळवणारी रिंग) नाही हे लक्षात ठेवा, गाडी पूर्ण थांबल्यावरच पहिला, सिग्नलच्या रांगेत सरकताना दुसरा.

रजिस्ट्रेशनचं विचारलंत. २०२९ ला गाडीला ५० वर्षं होतील आणि तुमचं रिन्यूअल पण तेव्हाच आहे. विंटेजचं, म्हणजे ५० वर्षांवरच्या जुन्या गाडीचं, नवीन रजिस्ट्रेशन २० हजार, १० वर्षांसाठी, पण मग गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, देखभाल अशा मोजक्या कामांसाठीच रस्त्यावर. साधं रिन्यूअल २० वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १० हजार, ५ वर्षांसाठी. तुम्हाला रविवारी फिरवायची आहे म्हणजे साधंच.

आणि गॅरेजवाल्याकडून कोटेशन फोडून घ्या, मजुरी वेगळी, पार्ट वेगळे, ॲडव्हान्स फक्त पार्टचा, आणि काढलेला जुना गिअर पिशवीत घालून परत द्यायचा असं आधीच सांगून ठेवा.