गवारीचे बी तेलविहिरीत कशासाठी?

प्रश्न : राजस्थानातील गवारीच्या बियांची पावडर अमेरिकेतील तेलविहिरींसाठी जाते आणि ती पाणी दाट करते, असे वाचले. तेच दाट पाणी खडकात अडकून तेलाची वाट बुजत नाही का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि या तंत्राची खरी कसोटीही तिथेच लागते. घट्ट खडकातले तेल सहजी वाहत नाही, म्हणून प्रचंड दाबाने पाणी सोडून खडकाला भेगा पाडतात आणि पंप थांबल्यावर त्या मिटू नयेत यासाठी त्यांत वाळू भरतात. नुसत्या पाण्यात वाळू लगेच तळाशी बसते. लिटरभर पाण्यात साधारण 3 ते 5 ग्रॅम गवार गम, म्हणजे हीच पावडर, कालवला, की त्यातील शर्करेच्या लांब साखळ्या पाणी धरून फुगतात आणि द्राव पातळ पाकासारखा होतो. मग बोरेट, म्हणजे आपल्या टाकणखाराच्या जातीचे रसायन, अल्कधर्मी द्रावात या साखळ्या एकमेकींना बांधते. प्रयोगशाळेत मिक्सरच्या भांड्यात फिरणाऱ्या द्रावातला भोवरा बोरेट घातल्यावर पाहता पाहता मिटतो. भांडे तिरपे केले तर जेल जिभेसारखे काठाबाहेर लोंबते आणि सरळ करताच आत ओढले जाते.

हा दाटपणा काही तासांपुरताच हवा असतो. म्हणून त्याच द्रावात साखळ्या तोडणारे रसायन, ज्याला ब्रेकर म्हणतात, आधीच मिसळलेले असते. अमोनियम परसल्फेट हा नेहमीचा ब्रेकर. मात्र सुमारे 50 अंश सेल्सिअसखाली तो फार मंद चालतो, तेव्हा विकरे (एन्झाइम) वापरतात. फार गरम विहिरीत उलटी अडचण येते: जेल वेळेआधी तुटले तर वाळू वाटेतच बसते, म्हणून ब्रेकरच्या कणांवर आवरण चढवतात. इतके करूनही बियांतील न विरघळणारा चोथा वाळूच्या फटींत राहतो आणि वाट थोडी बुजतेच. त्यामुळे जेल किती दाट झाले यापेक्षा ते किती स्वच्छ तुटले, हे आधी तपासावे, असे माझे ठाम मत आहे.

2012 मध्ये गवारीचे भाव गगनाला भिडल्यावर कंपन्यांनी पर्याय शोधण्याचा वेग वाढवला. शेल खडकातील बऱ्याच विहिरींत आता पॉलिॲक्रिलामाइड या लांब साखळ्यांच्या कृत्रिम रसायनाची अल्प मात्रा वापरतात. ती मुख्यतः नळीतले घर्षण कमी करते, आणि वाळू दाटपणापेक्षा प्रवाहाच्या वेगावर वाहून नेली जाते.