वाचकांचे प्रश्न : जुन्या प्लॉटरला नवे कार्ड

प्रश्न : ट्रॉलरवर २००५ सालचा जीपीएस प्लॉटर (बोटीची जागा नकाशावर दाखवणारे यंत्र) आहे. पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर त्याचे २५६ एमबीचे एसडी कार्ड वाचेनासे झाले. पणजीहून ३२ जीबीचे आणले, तर पडद्यावर 'कार्ड नाही'. त्यावर २ जीबीचे पार्टिशन (वेगळा कप्पा) केले, तरी तेच.
— ट्रॉलरमालक, मालीम

उत्तर : आधी जुने कार्ड तपासा. बंदीत, १ जून ते ३१ जुलै, बोट धक्क्याला असते आणि खाऱ्या, दमट हवेत स्लॉटच्या पिना काळवंडतात. वीज बंद करून पिना आणि कार्डाच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, कार्ड चार-पाच वेळा आत-बाहेर करा. पॉलिश पेपर लावू नका, सोन्याचा मुलामा निघून जातो.

तेवढ्याने भागले नाही तर कार्ड बदला, पण लहानच घ्या. २ जीबीपर्यंतची साधी एसडी कार्डे माहितीच्या जागेचा पत्ता बाइटमध्ये मोजतात, २००६ साली आलेली एसडीएचसी (३२ जीबीपर्यंतची मोठी कार्डे, तुमचे नवे कार्ड त्यातलेच) ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे गठ्ठ्यांत. शिवाय वीज मिळाल्यावर एसडीएचसी कार्ड यंत्राकडून 'मोठे कार्ड चालते' अशा संकेताची वाट पाहते. तुमचा प्लॉटर तो देत नाही, त्यामुळे कार्ड 'तयार' म्हणतच नाही. पार्टिशन वाचायची वेळ येते ती त्यानंतर. म्हणून तुमचा उपाय फसला.

१ जीबीचे कार्ड सर्वात निर्धोक. २ जीबीच्या कार्डात ब्लॉकची लांबी १०२४ बाइट नोंदलेली असते. ५१२ गृहीत धरणारी काही यंत्रे ते १ जीबीच दाखवतात. औद्योगिक वापरासाठी ही लहान कार्डे आजही बनतात. मायक्रोएसडी अडॅप्टरमध्ये घालून चालेल, अडॅप्टरात नुसत्या तारा असतात. फॉरमॅट शक्यतो प्लॉटरमध्येच करा, नाहीतर संगणकावर फाइल सिस्टीम (फाइल्स मांडायची पद्धत) म्हणून 'फॅट' निवडा, 'फॅट३२' नव्हे. वेपॉइंटच्या (नोंदवून ठेवलेल्या जागांच्या) फाइल्स कॉपी होतील. विकतचा सागरी नकाशा मात्र बहुधा मूळ कार्डाच्या क्रमांकाला बांधलेला असतो.

प्रश्न : खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या) पाण्याची क्षारता नोंदवायला आर्डुइनो उनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा सर्किट बोर्ड आणि ६४ जीबीचे कार्ड वापरतो. कार्ड सुरूच होत नाही.
— विद्यार्थी, फर्मागुडी

उत्तर : इथे पार्टिशनचा उपाय चालतो, कारण एसडीएचसी आणि एसडीएक्ससी (३२ जीबीच्या वरची, तुमच्यासारखी कार्डे) दोन्ही पत्ता ब्लॉकमध्येच मोजतात. अडचण फाइल सिस्टीमची आहे. ६४ जीबीचे कार्ड एक्सफॅट या फाइल सिस्टीममध्ये येते, आर्डुइनोची नेहमीची एसडी लायब्ररी (कार्ड वाचणारा तयार कोड) फॅट१६ आणि फॅट३२च वाचते. विंडोजची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ देत नाही, म्हणून ३२ जीबीचे किंवा त्याहून लहान पहिले पार्टिशन करा. क्षारतेच्या आकड्यांना ८ जीबीसुद्धा वर्षानुवर्षे पुरेल.

मग वीज पाहा. उनोची ३.३ व्होल्टची पिन ५० मिलिअँपियरच देते, लिहिताना कार्ड १०० पर्यंत ओढू शकते. मग कार्ड मध्येच गळपटते. स्वतःचा रेग्युलेटर (५ व्होल्टचे ३.३ करणारा) आणि लेव्हल शिफ्टर (डेटाचे संकेत ३.३ व्होल्टवर आणणारा) असलेले कार्डाचे मॉड्यूल घेऊन त्याला ५ व्होल्ट द्या. उनोच्या ५ व्होल्टच्या डेटा पिना थेट कार्डाला जोडल्या तर कार्ड जळू शकते.