सिव्हिल इंजिनिअरने नीतीची कोणती तत्त्वे पाळावीत, आणि साइटवर ती खरोखर पाळता येतात का?

तुम्ही शेवटच्या वर्षाला आहात आणि विचारले आहे की, अभ्यासक्रमात शिकवलेले व्यावसायिक नीतिनियम ठेकेदाराच्या आणि बिल्डरच्या दबावापुढे टिकतात का. मी बडोद्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करतो. शिक्षणही इथेच झाले, सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवनात, म्हणजे आताच्या विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत. माझ्या मते हे नियम टिकतात, मात्र आपली सही कोणत्या कागदावर आणि काय पाहिल्यानंतरच होईल, हे आपण काम हातात घेण्यापूर्वी ठरवलेले असावे लागते.

तत्त्वांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. त्यांचा क्रम मात्र नीट समजून घ्या. अमेरिकेतील सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेने १९१४ मध्ये स्वीकारलेली आणि २०२० मध्ये नव्याने लिहिलेली आचारसंहिता हा क्रम स्पष्टच देते: आधी समाज, मग निसर्ग आणि बांधलेला परिसर, मग व्यवसाय, त्यानंतर ग्राहक व मालक, आणि शेवटी सहकारी. पैसे देणारा माणूस चौथ्या क्रमांकावर आहे, कारण ज्या बैठकीत खर्च कमी करण्याचे ठरते तिथे तो हजर असतो, आणि त्या इमारतीत पुढे तीस वर्षे राहणारी कुटुंबे तिथे नसतात. त्यांच्या वतीने बोलणारा त्या खोलीत इंजिनिअरखेरीज दुसरा कोणी नसतो. आपल्याकडे आर्किटेक्टांसाठी १९७२ चा कायदा आणि त्याखालील परिषद आहे, तशी इंजिनिअरांसाठी देशपातळीवर वैधानिक परिषद अद्याप नाही. १९२० मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची आचारसंहिता तिच्या सभासदांपुरती आहे. त्यामुळे आपल्यावरचा अंकुश बराचसा आपल्या सहीतच असतो.

साइटवर हा प्रश्न कसा उभा राहतो ते कॉलमच्या रिंगांवरून, म्हणजे उभ्या सळयांभोवती बांधलेल्या आडव्या कड्यांवरून, सांगतो. भूकंपाचा विचार करून केलेल्या आयएस १३९२० या भारतीय मानकाप्रमाणे रिंगेची टोके, म्हणजे हुक, १३५ अंशांत वळवून कॉलमच्या गाभ्यात शिरले पाहिजेत. बारबेंडरला (सळया वाकवणाऱ्या कारागिराला) ९० अंशांचा हुक सोपा पडतो, रिंग पटकन बसते, आणि वरून पाहणाऱ्याला फरक सहज कळत नाही. भूकंपाच्या हादऱ्यात सळयांबाहेरचा काँक्रीटचा थर (कव्हर) निखळला की ९० अंशांचा हुक उघडतो, रिंग सैल पडते, आतल्या काँक्रीटला आवळून धरणारे काही उरत नाही आणि उभ्या सळया वाकतात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचा केंद्रबिंदू कच्छमध्ये होता, तरी दूर अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, हे गुजरातमध्ये काम करणाऱ्याने विसरू नये. शटरिंग (साचा) लावून काँक्रीटचा माल ओतला की चुकीचा हुक कोणालाच दिसत नाही. म्हणून माझा नियम असा आहे की शटरिंग बंद होण्याआधी मी स्वतः सळई पाहतो, हुकाजवळ बोट नेऊन पाहतो, आणि मगच ओतकामाच्या परवानगीवर सही करतो. मुकादम नाराज होतो, दिवस वाया गेल्याची तक्रार होते, परंतु दोन-तीन स्लॅबनंतर मला बोलावण्याआधीच रिंगा नीट वळवलेल्या असतात.

काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद मोजणाऱ्या क्यूब टेस्टमध्ये फसवणूक याहून सोपी असते. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे २५ घनमीटरच्या ओतकामाला तीन नमुने आणि प्रत्येक नमुन्याचे १५० मिलिमीटरचे तीन क्यूब लागतात, ज्यांची ताकद २८ दिवसांनी पाहतात. सिमेंट वाढवून वेगळ्या घमेल्यात कालवलेल्या मालाचे क्यूब भरले तर रिपोर्ट उत्तम येतो आणि स्लॅबविषयी त्यातून काहीच कळत नाही. तयार काँक्रीट आणणाऱ्या गाडीत (ट्रान्झिट मिक्सरमध्ये) साइटवर पाणी ओतण्याआधी भरलेल्या क्यूबचेही तेच. क्यूब कोणी, कोणत्या गाडीतून आणि किती वाजता भरले हे स्वतः पाहिलेले नसेल, तर त्या रिपोर्टवर सही करणे म्हणजे खोटी साक्ष देणे आहे, असे मी स्पष्ट म्हणेन.

१७ जुलै १९८१ रोजी कॅन्सस सिटीतील हयात रीजन्सी हॉटेलमध्ये लटकते सज्जे, म्हणजे लॉबीवरून जाणारे पादचारी पूल, कोसळून ११४ माणसे मेली. मूळ रचनेत वरचा आणि खालचा सज्जा एकाच लांब सळईला स्वतंत्रपणे टांगलेले होते. बांधणीच्या सोयीसाठी एका सळईच्या दोन करण्यात आल्या, त्यामुळे खालचा सज्जा वरच्या सज्ज्याच्या तुळईला लटकला आणि तिथल्या जोडावरचा भार दुप्पट झाला. तो बदल दाखवणाऱ्या ड्रॉइंगवर इंजिनिअरच्या कार्यालयाची मंजुरी होती, पण त्या जोडाचे गणित कोणी केलेले नव्हते. इथे लाच किंवा चोरी कुठेच नाही. न तपासता दिलेली मंजुरी हा मुख्य दोष होता, आणि जबाबदार इंजिनिअरांचे परवाने त्यासाठी रद्द झाले.

आपल्या जिल्ह्यात ९ जुलै २०२५ रोजी पादरा तालुक्यात मही नदीवरचा, १९८५ मध्ये बांधलेला गंभीरा पूल वाहतूक चालू असताना तुटला आणि किमान २० जणांचा जीव गेला. त्याच्या अवस्थेविषयी आधी तक्रारी झाल्याच्या बातम्या आल्या, चार इंजिनिअर निलंबित झाले; कोणाची जबाबदारी किती, हे ठरवणे चौकशीचे काम आहे. तुम्ही पुढे सरकारी खात्यात गेलात तर तपासणीच्या अहवालाची भाषा सांभाळा. ‘लक्ष ठेवणे आवश्यक’ या वाक्यावर कोणीही कृती करत नाही. कोणता सांधा, किती तडा, किती दिवसांत काय करायचे, आणि तोवर जड वाहने बंद करायची की सगळीच, हे नेमके लिहिलेले असेल तर वरच्या अधिकाऱ्याला हो किंवा नाही म्हणावेच लागते.

निसर्गाचे तत्त्व बडोद्यात वेगळे शिकवावे लागू नये. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली. नदीकाठच्या किंवा कांसेलगतच्या (पावसाळी नाल्यालगतच्या) प्लॉटवर भराव घालून आपले जोते उंच करायचे, म्हणजे ते पाणी शेजारच्या सोसायटीत ढकलायचे; ग्राहकाने सांगितले तरी असा भराव सुचवू नये. आपल्याला न येणारे काम घेऊ नये आणि साहित्य पुरवणाऱ्याकडून कमिशन घेऊ नये, या दोन गोष्टींवर चर्चा करण्यासारखे काही नाही.

आता दबावाविषयी. पहिल्या नोकरीत तोंडी वाद घालू नका. त्याच दिवशी साइटच्या वहीत आणि ईमेलवर लिहा, सोबत मोजमाप आणि फोटो जोडा, आणि कोडमधले (मानकातले) कलम नमूद करा. उत्तर आले नाही तर वरिष्ठांना, आणि माणसांच्या जिवाला धोका असेल तर परवानगी देणाऱ्या महापालिकेला कळवा. कामावरून जाण्याची पाळी येऊ शकते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही, तशी वेळ आलेले तरुण इंजिनिअर मी पाहिले आहेत. पण खोटी सही केलेल्या माणसाचे नाव रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यातील पाच वर्षांच्या दोषदायित्वाच्या (बांधकामातील दोषांची जबाबदारी असण्याच्या) काळात केव्हाही पुढे येऊ शकते, आणि तेव्हा बिल्डर त्याच्या बाजूने उभा राहत नाही. स्वतंत्र काम सुरू कराल तेव्हा नेमणूकपत्रातच पाया, जोते, कॉलम आणि प्रत्येक स्लॅब हे टप्पे लिहून घ्या, आणि त्या टप्प्यावर तुमची लेखी परवानगी मिळेपर्यंत ओतकाम होणार नाही अशी अट घाला. ती अट मान्य न करणाऱ्याचे काम घेऊ नका.