दुसऱ्याची गाडी चालवल्यावरच आपल्या गाडीची खुबी का कळते?

आपल्या गाडीची हाताला इतकी सवय झालेली असते की तिचे गुण वेगळे जाणवत नाहीत. तुलना मिळाली की ते पुन्हा जाणवतात. माझ्याकडे २०१२ ची फोर्ड फिगो आहे. ती दुरुस्तीला दिली तेव्हा आठवडाभर मेहुण्यांची नवी, उंच एसयूव्ही चालवली. नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत तिचे हलके स्टिअरिंग खरोखर सुखाचे वाटले. परंतु सेमिनरी हिल्सच्या वळणांवर पुढची चाके रस्त्याला किती धरून आहेत, हे हातांना कळेना. फिगोच्या त्या पिढीत हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग आहे, म्हणजे मदत तेलाच्या दाबाने मिळते आणि रस्त्याची बारीक थरथर हातापर्यंत पोहोचते, तर आजच्या बहुतेक गाड्यांत हे काम इलेक्ट्रिक मोटर करते आणि त्यात ही जाणीव बऱ्याचदा बोथट होते. शिवाय उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असल्याने वळणावर ती अधिक कलते.

तुलना मात्र न्याय्य हवी: रस्ता तोच, वेग बेताचा आणि दोन्ही गाड्यांच्या टायरांत कंपनीने सांगितलेली हवा. नागपूरच्या मे महिन्यात ती सकाळी, टायर थंड असतानाच तपासावी, कारण तापलेल्या टायरात दाब वाढलेला दिसतो. समृद्धी महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर ती एसयूव्हीच अधिक आरामदायी आहे, हेही मी मान्य करतो.

फिगो परत मिळाली त्या संध्याकाळी मी मुद्दाम वाट वाकडी करून सेमिनरी हिल्सवरून घरी आलो.