सुकाणू : पाते, दांडा की चाक?

शिडाच्या जहाजावरील एका जुन्या इंग्रजी प्रवासवर्णनाचे भाषांतर करणाऱ्या एका बाईंनी विचारले आहे की ‘रडर’, ‘टिलर’, ‘हेल्म’ आणि ‘व्हील’ हे चार शब्द एकाच पानावर आल्यास मराठीत काय लिहावे, कारण त्यांच्या हाताशी असलेल्या कोशांत पहिल्या तिन्ही शब्दांपुढे ‘सुकाणू’ एवढेच आहे. ‘पतवार’ चालेल का, असेही त्यांनी विचारले आहे. त्यांची आणखी एक शंका अशी की मूळ पुस्तकात ‘त्याने टिलर डावीकडे लोटला आणि जहाज उजवीकडे वळले’ अशा अर्थाचे वाक्य आहे, तेव्हा लेखकाचीच काही चूक झाली असावी का?

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर नीट समजले की शब्दांचा प्रश्न निम्म्याहून अधिक सुटतो. लेखकाची चूक नाही. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात, तेव्हा हे सगळे भाग उघड्यावर पाहता येतात. हर्णैला एकदा एका घराच्या पडवीत मी काढून ठेवलेले सुकाणू पाहिले होते. माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी जाड फळी, खाली रुंद आणि वर निमुळती. तिच्या एका कडेला लोखंडी खुंट ठोकलेले, जे होडीच्या मागच्या उभ्या लाकडावरील कड्यांमध्ये वरून बसतात, अगदी दार बिजागरीवर बसते तसे. पाण्याखाली राहणाऱ्या भागावर शिंपल्यांचे पांढरे खरखरीत थर होते, आणि वरच्या निमुळत्या टोकाला एक चौकोनी भोक होते. त्या भोकात काय बसते असे मी विचारले तेव्हा घरातील वृद्ध तांडेलांनी आढ्याला अडकवलेला हातभर लांबीचा, धरून धरून गुळगुळीत झालेला लाकडी दांडा काढून दाखवला आणि म्हणाले, “ह्यो दांडा. ह्यो नसंल तर सुकाणू नुसती फळी.”

तो दांडा म्हणजेच ‘टिलर’ आणि ती फळी म्हणजे ‘रडर’. दांडा पुढच्या दिशेला, होडीच्या आत येतो आणि फळी मागच्या दिशेला, पाण्यात असते, मध्ये बिजागरी. म्हणून दांडा डावीकडे लोटला की फळी उजवीकडे जाते, वाहते पाणी त्या फळीवर आदळून होडीची मागची बाजू डावीकडे ढकलते, आणि पर्यायाने नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, उजवीकडे फिरते. होडी पुढून वळत नाही, मागून वळते, ही गोष्ट बैलगाडी आणि मोटार पाहत मोठ्या झालेल्या आपल्यासारख्या जमिनीवरच्या माणसांच्या सहजी लक्षात येत नाही. जहाजावर चाक आले ते अठराव्या शतकाच्या आरंभी; दोर किंवा साखळ्यांनी ते त्याच दांड्याला जोडले गेले आणि त्याची जोडणी अशी केली गेली की चाक डावीकडे फिरवले तर जहाजही डावीकडे वळावे. म्हणजे दांडा आणि चाक यांच्या दिशा परस्परविरुद्ध आहेत. भाषांतरात ‘टिलर’च्या जागी ‘चाक’ लिहिले तर वाचकाच्या मनात जहाज भलत्याच बाजूला वळते, आणि सगळीकडे नुसते ‘सुकाणू’ लिहिले तर वाक्याला अर्थच उरत नाही.

या गोंधळाचे एक प्रसिद्ध आणि दुःखद उदाहरण आहे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘टायटॅनिक’समोर हिमनग दिसल्यावर अधिकाऱ्याने जो हुकूम दिला, त्याचा शब्दशः अर्थ ‘पूर्ण उजवीकडे’ असा होता, आणि जहाज वळले डावीकडे. यात कोणाचीही चूक नव्हती. दांड्याच्या काळापासून चालत आलेल्या प्रथेप्रमाणे हुकूम दांड्याला उद्देशून दिला जाई. चाक येऊन दोनशे वर्षे झाली होती, दांडा जहाजाच्या पोटात दिसेनासा झाला होता, तरी भाषा त्या दांड्यालाच धरून राहिली होती. १९२९ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर ही प्रथा मोडण्यात आली आणि ब्रिटिश जहाजांवर १९३३ पासून ‘उजवीकडे’ या हुकमाचा अर्थ जहाजाने उजवीकडे वळावे असा झाला. त्यामुळे भाषांतर करायचे पुस्तक त्याआधीचे असेल तर प्रत्येक हुकूम दोनदा वाचून, जहाज प्रत्यक्षात कोठे वळले ते पाहून मगच मराठीत आणावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता ‘सुकाणू’ या शब्दाविषयी. हा शब्द अरबी ‘सुक्कान’वरून आला आहे आणि तेथे त्याचा अर्थ जहाज वळवण्याचे हेच साधन. सुकणे किंवा सुख यांच्याशी त्याचा काही संबंध नाही, जरी व्यापारी जहाजांवर चाक धरणाऱ्या माणसाला म्हणतात तो ‘सुकाणी’ हा शब्द ‘सुखानी’ असा लिहिलेला अनेकदा दिसत असला तरी. अरबी शब्द मराठीत येताना त्याने जो पोशाख घातला तो पाहण्यासारखा आहे. ‘तारू’, ‘वासरू’, ‘लिंबू’ या आपल्या ऊकारान्त नपुंसकलिंगी शब्दांच्या ओळीत तो इतका बेमालूम जाऊन बसला की तो परका आहे अशी शंकासुद्धा येत नाही. जुन्या लिखाणात तर त्यावर नपुंसकलिंगाचा अनुस्वारही देत असत. गुजरातीत तो ‘सुकान’ राहिला. कन्नडमध्ये ‘चुक्काणि’, तेलुगूत ‘चुक्कानि’, तमिळ आणि मल्याळममध्ये ‘चुक्कान’ अशी त्याची रूपे आहेत. नकाशावर बोट ठेवून गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत खाली आणि तेथून पूर्व किनाऱ्याने वर गेलो तर बंदरागणिक हा एकच शब्द उच्चार बदलून भेटतो. समुद्रापलीकडे पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतही तो ‘उसुकानी’ म्हणून आहे, आणि तेथे मोटारीच्या स्टिअरिंगलाही तोच शब्द वापरतात. मोसमी वाऱ्यांवर शेकडो वर्षे चाललेल्या व्यापाराचा याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाही. आपले ‘नाखवा’, ‘सारंग’, ‘खलाशी’, ‘बंदर’ हे शब्दही अरबी-फारसीकडून याच वाटेने आले, आणि त्यांतील ‘नाखवा’ व ‘सारंग’ तर कोकणात आडनावे होऊन स्थिरावले.

मग त्याआधी आपल्याकडे शब्द नव्हता का? होता, आणि एकाहून अधिक होते. ऋग्वेदात अश्विनांनी भुज्यूला समुद्रातून सोडवून आणले ती नाव ‘शतारित्रा’, म्हणजे शंभर वल्ह्यांची आहे. तेथे ‘अरित्र’ म्हणजे निःसंशय वल्हे. पुढे अमरकोशात ‘नौकादण्डः क्षेपणी स्यादरित्रं केनिपातकः’ अशी ओळ येते आणि तिचा रूढ अर्थ असा लावतात की पहिले दोन शब्द वल्ह्याचे आणि पुढचे दोन सुकाणूचे. एकच ‘अरित्र’ आधी वल्हे आणि मग सुकाणू कसे झाले, याचे उत्तर अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील चित्रात डोळ्यांना दिसते. तेथे तीन डोलकाठ्यांचे एक जहाज रंगवलेले आहे आणि त्याच्या मागच्या भागात बाजूला जी साधने आहेत ती बिजागरीवरची फळी नसून वळवण्यासाठी वापरायची मोठी वल्ही आहेत. मागच्या टोकाला मधोमध अडकवलेले सुकाणू ही नंतरची गोष्ट आहे. चीनमध्ये ग्वांगझू येथे सापडलेल्या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील मातीच्या नौकेवर ते दिसते, आणि बगदादमध्ये १२३७ साली चितारलेल्या एका हस्तलिखितातील जहाजावरही ते स्पष्ट आहे. युरोपात ते साधारण ११८० च्या सुमारास दगडी कोरीवकामात प्रथम दिसते. जेथे ते आले नव्हते तेथे वल्हेच सुकाणूचे काम करीत होते. आजही खाडीतल्या लहान होडीला वेगळे सुकाणू नसते. मागे बसलेला माणूस वल्हे तिरपे धरून तिला वळवतो. इंग्रजीत जहाजाच्या उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ म्हणतात तेही त्या बाजूला हे वळवायचे वल्हे बांधलेले असे म्हणून. मूळ शब्दाचा अर्थ ‘वळवण्याची बाजू’ असाच आहे.

संस्कृतातील तिसरा शब्द ‘कर्ण’, आणि तो आपल्याला ‘कर्णधार’मुळे रोज भेटतो. कर्ण म्हणजे कान हे खरेच, पण त्याचा नावेचे सुकाणू असाही अर्थ आहे, आणि कर्णधार म्हणजे ते धरणारा. जहाजाच्या दोन बाजूंना मागे लटकणारी ती दोन वल्ही कानांसारखी दिसत असतील, किंवा भांड्याच्या कडीलाही कर्ण म्हणतात तसा हा धरण्याचा भाग म्हणून तो शब्द आला असेल. मला दुसरी उपपत्ती अधिक पटते. महाभारतातील कर्णाशी मात्र त्याचा संबंध जोडू नये. गंमत अशी की आज आपण कर्णधार म्हणतो तो संघाचा किंवा जहाजाचा प्रमुख, आणि जहाजावरचा प्रमुख स्वतः चाक कधी धरीत नाही. तो हुकूम देतो आणि चाक सुकाणी धरतो. गुजरातीत ‘सुकानी’ शब्दाचेही हेच झाले, क्रिकेट संघाचा कप्तान तेथे सुकानी असतो. ग्रीकमधील सुकाणू धरणाऱ्याच्या शब्दावरून लॅटिनमार्गे ‘गव्हर्नर’ आला, तोही याच वाटेने. वळवणारा हात आणि हुकूम देणारे तोंड यांची अशी अदलाबदल बहुधा प्रत्येक भाषेत होते. म्हणून भाषांतरात ‘हेल्म्समन’ला ‘कर्णधार’ मुळीच म्हणू नये. त्याच्यासाठी ‘सुकाणी’ हा नेमका, समुद्रावर वापरात असलेला शब्द आहे.

‘पतवार’विषयी थोडक्यात सांगतो. तो हिंदी शब्द आहे, हिंदीत त्याचा अर्थ सुकाणूच आहे, पण गाण्यांतून आणि कवितांतून तो आपल्याकडे येतो तेव्हा बहुतेक मराठी वाचक त्याचा अर्थ वल्हे असा लावतात. जो शब्द अर्धा वाचक चुकीचा समजणार तो, आपल्याकडे नेमका शब्द असताना, घेऊ नये.

राहिला ‘हेल्म’. हा एकच शब्द असा आहे की ज्यात पाते, दांडा, चाक आणि ते धरण्याचा अधिकार हे सगळे एकवटते, आणि मराठीत ‘सुकाणू’ नेमके तेच काम करते. आपण ‘राज्याचे सुकाणू हाती घेतले’ म्हणतो तेव्हा कोणी पाण्यातली फळी हातात घेत नाही. ‘सुकाणू समिती’ हा शब्दही इंग्रजीवरून घडवलेला असला तरी मला चांगला वाटतो, कारण त्यातील प्रतिमा आपल्या समुद्रावरची आहे. तेव्हा नुसते ‘सुकाणू’ हे ‘हेल्म’साठी मोकळे ठेवावे आणि भाग वेगळे दाखवायचे असतील तेथे त्याला जोड द्यावी: सुकाणूचे पाते, सुकाणूचा दांडा, सुकाणूचे चाक. पाते हा शब्द मी वल्ह्याच्या आणि तलवारीच्या पात्यावरून सुचवतो आहे. आधुनिक पोलादी जहाजांनाही तो लागू पडतो. तेथे यंत्राच्या जोराने फिरणारे हे पाते पूर्ण एका बाजूच्या ३५ अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत २८ सेकंदांत आले पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि त्या वाक्यात ‘सुकाणू २८ सेकंदांत आले पाहिजे’ असे लिहिले तर नेमके काय आले ते कळत नाही.

एकच सावधगिरी. प्रत्येक ठिकाणी पूर्ण जोडशब्द लिहिला तर वादळाच्या प्रसंगातील वाक्ये जड होतील. पहिल्यांदा ‘सुकाणूचा दांडा’ लिहावा आणि त्यानंतर नुसता ‘दांडा’. हर्णैच्या त्या तांडेलांनीही नुसते ‘दांडा’च म्हटले होते. बाईंच्या वाक्याचे मी असे भाषांतर करीन: ‘सुकाण्याने सुकाणूचा दांडा डावीकडे लोटला, पाण्याखालचे पाते उजवीकडे फिरले आणि जहाजाची नाळ हळूहळू उजवीकडे वळू लागली.’ मुळात पात्याचा उल्लेख नाही हे मला माहीत आहे. पण इंग्रजी वाचकाच्या मनात जे आपोआप येते ते मराठी वाचकाला एकदा, पहिल्याच प्रसंगात, दाखवावे लागेल. पुढच्या प्रसंगांत ते मधले शब्द गाळले तरी चालतील.