एडिनबर्गला ब्लॅककरंट, नागपूरला फालसा: बेरीची झुडपं निवडताना

ताई, तुमचे प्रश्न दोन आहेत आणि दोन्हींची उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट येतात म्हणून जरा लांब लिहून राहिलो. मुलानं एडिनबर्गला घर घेतलं, मागं छोटं अंगण आहे, तिथं बेरीची कोणती झुडपं लावावी हा एक. आणि तिथं खाल्लेली ब्लॅककरंट, रास्पबेरी, ब्लूबेरी इकडं नागपुरात मानेवाड्याच्या घरी गच्चीवर किंवा कंपाउंडपाशी होईल का, ऑनलाइन रोपं दिसून राहिली तर मागवू का, हा दुसरा. दुसऱ्याचं आधी सांगतो कारण पैसे तिथं जाणार आहेत. ब्लॅककरंट, रेडकरंट, गूजबेरी (आपला आवळा नव्हे) आणि रास्पबेरी नागपूरसाठी मागवू नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. ब्लूबेरीचं वेगळं आहे, ते पुढं येतं.

सगळ्यांना वाटतं की आपला उन्हाळा यांना मारतो. मारतोच, पण गडबड त्याच्या आधी, हिवाळ्यातच झालेली असते. ही झुडपं थंडीत पानं गाळून झोपतात आणि साधारण ० ते ७ अंशांची थंडी ठराविक तास मिळाल्याशिवाय त्यांच्या कळ्या नीट उघडत नाहीत. रास्पबेरी, ब्लॅककरंटच्या बहुतेक जातींना असे ८०० तासांच्या वर लागतात, काहींना तर त्याहून बरेच जास्त. आता आपलं पाहा, डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी १२-१३ आणि दुपारी २८ च्या आसपास. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर गेला होता, तो नागपूरचा नीचांक, पण अशा एखाद-दोन पहाटेनं काही होत नाही, कारण दुपारच्या उबेनं रात्री जमलेली थंडी बरीचशी खोडली जाते. मग झाड धड झोपत नाही, धड उठत नाही, शेंड्याच्या दोन-चार कळ्या फुटतात, बाकीच्या आंधळ्या राहतात, फूल नाही, आणि अशा अर्धवट झाडासमोर आपला मे येऊन उभा राहतो, जिथं २३ मे २०१३ ला ४७.९ नोंदलं गेलंय. ज्यांच्या घरी संत्र्याचा बगीचा आहे त्यांना हे लगेच समजेल, आपण बहार धरायला, म्हणजे झाड एकदम फुलावं म्हणून, पाणी तोडून ताण देतो ना, तसा या झुडपांचा ताण म्हणजे थंडी, आणि तो ताण कुंडीला बर्फ घालून देता येत नाही (लोक तेही करतात, कळ्यांना थंडी हवी असते, मातीवर चार खडे टाकून ती पोचत नाही).

एडिनबर्गला मात्र मुलाला मनसोक्त लावू द्या, बेरीसाठी स्कॉटलंडसारखी जागा कमी. डंडीजवळ इन्व्हरगाउरीला फळांवर काम करणारी जुनी संशोधन संस्था आहे, तिथून ब्लॅककरंटच्या 'बेन' नावाच्या जाती निघाल्या, डोंगरांची नावं दिलेली, बेन लोमंड वगैरे. छोट्या अंगणात बेन सारेक घ्यायला सांगा, झुडूप कंबरेएवढंच राहतं आणि फळ भरपूर. एकच झुडूप लावायचं असेल तर माझं मत ब्लॅककरंटला. मोहोराच्या वेळी उशिरा पडलेलं दव गोठलं तर नुकसान होतं म्हणून उशिरा फुलणाऱ्या जाती तिथं बऱ्या, बेन मालिका त्यासाठीच चांगली. आणि एक गोष्ट आपल्या नागपूरकरांना सांगायलाच पाहिजे, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला जहाजानं संत्री येणं अवघड झालं तेव्हा मुलांना क जीवनसत्त्व मिळावं म्हणून सरकारनं ब्लॅककरंटची लागवड वाढवली आणि त्याचं सिरप लहान मुलांना वाटलं. म्हणजे संत्र्याची जागा ज्या फळानं भरून काढली ते हे.

लावायची वेळ तिकडं नोव्हेंबर ते मार्च, पानं गळालेली उघड्या मुळांची रोपं मिळतात, ती कुंडीतल्यापेक्षा स्वस्त पडतात. ब्लॅककरंट नर्सरीत जितकं खोल होतं त्याहून दोन-तीन इंच जास्त खोल लावायचं आणि लावल्यावर सगळ्या फांद्या जमिनीलगत छाटायच्या. मन होत नाही, पण त्यामुळं खालून नवीन फांद्या जोरात येतात आणि फळ गेल्या वर्षीच्या फांदीवरच लागतं, म्हणून पुढंही दर हिवाळ्यात सगळ्यात जुन्या फांद्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा मुळापासून काढत राहायचा. रेडकरंट आणि गूजबेरीला मात्र हा नियम लावायचा नाही, त्यांना जुन्या लाकडावर फळ येतं, त्यांचा सांगाडा ठेवून फक्त मधला भाग मोकळा करायचा. बरेच जण तिन्हींना एकाच पद्धतीनं छाटतात आणि मग फळ का नाही म्हणून विचारतात. गूजबेरीत इन्व्हिक्टा घ्या, भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) फार धरत नाही. घराच्या उत्तरेकडची सावलीची भिंत असेल तर तिथं रेडकरंट आणि गूजबेरी चालतात, रास्पबेरीला तिथं कोंबू नका, तिला ऊन हवं. रास्पबेरीत ग्लेन अँपलला काटे नाहीत, घरात लेकरं असतील तर तीच.

आता आपल्याकडची ब्लूबेरी. हिच्यात कमी थंडीवर फळणाऱ्या जाती निघाल्यात, बिलॉक्सी, मिस्टी, शार्पब्लू ही नावं ऐकायला मिळतील, त्यामुळं थंडीचा प्रश्न निदान थोडा सुटतो. पण हिला आम्लधर्मी माती लागते, पीएच ४.५ ते ५.५, आणि आपली काळी माती ७.५ ते ८.५, वरून चुनखडी. संत्र्याच्या कोवळ्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतो ना, लोह असून उचलता येत नाही म्हणून, ब्लूबेरीला तेच होतं पण दहापट लवकर. लोक माती बदलतात, गंधक टाकतात, पीएच मोजून खूश होतात आणि मग रोज बोअरचं पाणी घालतात. त्या पाण्यातले क्षार हळूहळू सगळं परत वर नेतात. म्हणून ब्लूबेरीत मातीपेक्षा पाण्याचा विचार आधी करायचा. गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवायला टाकी असेल तरच पुढं जा. कुंडीत बागेची माती अजिबात नको, धुतलेलं कोकोपीट आणि साल किंवा पानांचं कुजलेलं खत, खत म्हणून थोडं अमोनियम सल्फेट, राख आणि अंड्याची टरफलं चुकूनही नाही. आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना ओतायची आपल्याकडं सवय आहे, ते तर हिला विष, पाणी उडून जातं आणि क्षार सगळे त्या टाकीत उरतात. मार्चपासून ग्रीन नेट, दुपारची सावली, मुळांपाशी गारवा. हे सगळं करायची हौस असेल तर एक कुंडी ठेवा, मूठभर फळ मिळेल. घरच्यांना पोटभर खाऊ घालायचं असेल तर तीच मेहनत दुसरीकडं लावा.

दुसरीकडं म्हणजे फालसा. मला खरंच मनापासून वाटतं की नागपुरात बेरी म्हणून पहिलं झुडूप लावायचं तर फालसाच, आणि आपण त्याला विसरून राहिलो याचं वाईट वाटतं. जांभळी, वाटाण्याएवढी, आंबटगोड फळं, आणि पिकतात कधी तर एप्रिल-मे मध्ये, जेव्हा बाकी सगळं करपत असतं. हातगाडीवर थोडे दिवस दिसतात आणि गायब होतात, कारण फळ तोडल्यावर एक-दोन दिवसांच्या वर टिकत नाही, व्यापाऱ्याला परवडत नाही. म्हणूनच हे घरी असायला हवं. बियांपासूनचं रोप चालतं, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ सुरू होतं. ठेंगणा प्रकार मिळाला तर तो घ्या. जानेवारीत सगळं झुडूप तीन-चार फुटांवर छाटायचं, न घाबरता, कारण फळ नव्या फुटीवरच येतं, जितकी नवी फूट तितकं फळ. न छाटलेला फालसा उंच जातो आणि फळ वर कुठंतरी पाखरांसाठी लागतं. छाटल्यावर शेणखत आणि पाणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळी फुलं, फळ धरल्यावर आठ-दहा दिवसांनी पाणी देत राहिलं की दाणा मोठा होतो. सगळी एकदम पिकत नाहीत, दर दोन दिवसांनी सकाळी वाटी घेऊन जायचं. काळं मीठ आणि साखर घालून सरबत करा, मे मध्ये यापेक्षा चांगलं काही नाही. गच्चीवर अर्ध्या ड्रममध्येही होतो, फक्त कुंडी लहान नको.

शहतूत, म्हणजे तुती, दुसरं. यात एकच काळजी घ्या, बियांचं रोप घेऊ नका, कारण काही झाडं नुसती नर निघतात आणि वर्षानुवर्षं वाट पाहून फळ येत नाही. ज्या झाडाचं फळ तुम्ही स्वतः खाल्लं त्याचीच पेन्सिलएवढी जाड काडी आणून पावसाळ्यात लावा, लागतेच. रेशीमवाल्या शेतकऱ्याकडून काडी फुकट मिळते पण तिथं बहुतेक व्ही-१ जातीचं असतं, ते पानांसाठी निवडलेलं आहे, फळाची आशा त्याच्याकडून धरू नका. मुळं दूर जातात, पाण्याची टाकी आणि सेप्टिक टँकपासून लांब ठेवा.

कंपाउंडला करवंद. काटे आहेत, कुंपण म्हणून तेच कामाचं. पंत सुदर्शन, पंत मनोहर, कोंकण बोल्ड अशा जातींची रोपं कृषी महाविद्यालयाच्या किंवा सरकारी रोपवाटिकेत विचारून पाहा. बी पेरायचं असेल तर फळातून काढल्या-काढल्या पेरा, सुकवून ठेवलेलं उगवत नाही. आणि तुमच्याकडं चिकट काळी माती असणार, पावसाळ्यात ती पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तोडते, म्हणून मुरूम घालून फूटभर उंच वरंबा करा आणि त्यावर लावा, हे फालशालाही लागू.

स्ट्रॉबेरी झुडूप नाही पण तुम्ही विचारलीच असती. महाबळेश्वर १३०० मीटरच्या वर आहे, आपलं चिखलदरा ११०० च्या आसपास, तिथं जमते ती याच उंचीमुळं. नागपुरात ती फक्त हिवाळ्याची पाहुणी समजा, ऑक्टोबरची गरमी ओसरली की विंटर डॉन किंवा स्वीट चार्लीची रोपं, मधला गाभा मातीत न गाडता, खाली धानाचं तणस पसरून. जानेवारी-फेब्रुवारीत फळ खा आणि उन्हाळ्यात ती वाचवायचा हट्ट करू नका. रसभरीही (टोपणातलं फळ, रास्पबेरी नव्हे) याच काळाची, जुलै-ऑगस्टमध्ये बी टाकायचं, खत कमीच, नाहीतर नुसता पाला, आणि टोपणासकट आपोआप गळून पडलेलं फळच खायचं, कच्चं नाही.

ऑनलाइन जे "निळी स्ट्रॉबेरी", "रास्पबेरी बी, सर्व हवामानात येते" असं दिसतं ते घेऊ नका, निळी स्ट्रॉबेरी असं काही नसतं. तुमच्या कंपाउंडची पश्चिमेकडची भिंत किती उंच आहे आणि दुपारी ऊन किती वाजेपर्यंत राहतं ते सांगा, म्हणजे फालसा कुठं आणि करवंद कुठं ते नक्की करता येईल. आणि बोअरच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) मोजलेला असेल तर तोही.